कोपराचं कोडं

भाच्याच्या कॉम्प्युटरवर एक सरदार चालला होता. नखशिखांत लोखंडात. गेममध्ये पाऊस पडत होता, खांद्यावरच्या पत्र्यावरून थेंब ओघळत होते, पत्र्याच्या कडेला गंजाचे ठिपकेसुद्धा दिसत होते. मी हरखून बघत बसलो. तेवढ्यात सरदाराने तलवार उगारायला हात वर केला आणि खांद्यावरचा तो जाडजूड पत्रा सरळ त्याच्या कानशिलातून आरपार गेला. रक्त नाही, ठिणगी नाही, चेहऱ्यावर साधी आठीही नाही.

"अरे, हे काय झालं?"

"क्लिपिंग आहे, मामा. लक्ष नको देऊस."

पण लक्ष गेलं ते गेलंच. लोखंडावर ओघळणारा पाऊस दाखवू शकणाऱ्या यंत्राला एक हात धडपणे वर करता येऊ नये?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. जाड पुठ्ठ्याची एक लांब नळी घ्या, हातात मनगटापासून दंडापर्यंत चढवा आणि आता चहाचा कप तोंडाशी आणून दाखवा. नाही येणार. मग नळी मधोमध कापा. आता हात वाकतो, पण नेमकं कोपर उघडं पडतं. बरं, दोन्ही तुकडे जवळ सरकवून कोपर झाकलं, तर आतल्या बाजूला कडा एकमेकींवर आदळतात आणि मांस चिमटतं. चिलखत घडवणाऱ्या प्रत्येक माणसापुढे हजारो वर्षं उभं असलेलं कोडं ते हेच. छाती झाकणं सोपं, ती कुठे वाकते? अडतं ते सांध्यावर.

एक तोड आपल्या चांगल्या ओळखीची आहे: कड्यांचं चिलखत. प्रतापगडाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चढवलं होतं म्हणतात, ते. त्यातली युक्ती बघा. एक लोखंडी कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. त्या चार पुन्हा आपापल्या शेजारणींत. एकेक कडी कडक, पण सगळ्या मिळून वागतात कापडासारख्या. म्हणजे इथे सांधा कोपरापुरता नाहीच, अंगभर हजारो सांधे पेरलेत! जिथे वाकाल तिथे ते वाकतं. तलवारीचा काप त्यावर सहज चालत नाही. पण कापडासारखं वागण्याची किंमतही कापडासारखीच. वरून गदेचा तडाखा बसला, तर कडी शाबूत राहते आणि आतलं हाड मोडतं.

मग कुणाला तरी सुचलं की शरीराने आधीच उत्तर देऊन ठेवलंय. बरगड्यांचा पिंजरा वाकत नाही, तर तिथे सपाट पोलादी पत्रे लावा: छातीला एक, पाठीला एक, दोन कुशींना दोन. बाकी सगळीकडे कड्याच राहू द्या. या प्रकाराचं इराणी नाव 'चार आईना', म्हणजे चार आरसे. मुघल काळात आपल्याकडे ते चांगलंच रुळलं. जिथे शरीर ताठ तिथे चिलखत ताठ, जिथे शरीर लवचीक तिथे चिलखतही लवचीक. मला विचाराल तर चिलखताच्या इतिहासातली सर्वांत समंजस कल्पना हीच.

युरोपातल्या लोहारांना मात्र समंजसपणा पुरेना. त्यांना सगळंच पोलादात हवं होतं, अगदी कोपरसुद्धा. आणि त्यांनी ते जमवलं कसं? बाजारातून आणलेली कोळंबी हातात घ्या. कवच केवढं कडक, तरी कोळंबी कशी गोल वळते! कारण ते कवच एकसंध नाही. अरुंद पट्टे एकाखाली एक सरकवलेत. कोळंबी वळली की बाहेरच्या बाजूचे पट्टे एकमेकांखालून बाहेर येतात, आतल्या बाजूचे एकमेकांत शिरतात. लोहारांनी पोलादाचे असेच पट्टे घडवले, आतून चामड्याच्या वाद्यांवर ते ठोकले आणि कडेला रिव्हेट मारले. त्यातही एक गंमत केली. रिव्हेटसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच पाडली. त्यामुळे रिव्हेट त्या खाचेत मागेपुढे सरकतो आणि पट्टा नुसता फिरत नाही, घसरतोही. एवढ्याशा लांबट भोकाने पोलादाला कोळंबी करून टाकलं!

या कलेची कमाल पाहायची तर 1520 सालचं आठव्या हेन्रीचं चिलखत बघावं. फ्रान्सच्या राजाशी होणाऱ्या भेटीत द्वंद्वाच्या स्पर्धा होणार होत्या. हेन्री एकोणतिशीच्या उंबरठ्यावर, उंचापुरा, खेळाचा शौकीन. त्याच्या ग्रीनिच इथल्या कारखान्यात पायी लढण्याचं एक चिलखत तयार होऊ लागलं. वजन सुमारे 42 किलो, पत्रे दोनशेहून अधिक. आणि त्यात फट नाही. कुठेच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, पार्श्वभागावर, पावलांवर, सगळीकडे सरकते पट्टे. आत माणूस वाकतो, बसतो, मूठ वळतो, आणि बाहेरून सुई शिरायला जागा सापडत नाही.

आणि मग, स्पर्धा काही महिन्यांवर आलेली असताना, फ्रेंचांनी नियम बदलले. आता कमरेखाली घागऱ्यासारखा पोलादी घेर असलेलंच चिलखत चालेल! हेन्रीच्या माणसांनी जुने-नवे भाग जोडून घाईघाईने दुसरं चिलखत उभं केलं, आणि हे अद्भुत यंत्र अर्धवट राहिलं ते राहिलंच. ते आजही ब्रिटनच्या रॉयल आर्मरीजच्या संग्रहात आहे. त्याच्याकडे आपल्याला परत यायचंय.

फट नको म्हणून एवढा अट्टहास कशाला? कारण घाव नेमका फटीतच बसतो. क्रिकेटमध्ये हे आपण पाहिलंय. 1962 साली ब्रिजटाऊनच्या मैदानावर नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळला. हेल्मेट हा प्रकारच तेव्हा नव्हता. कवटी फुटली, पुढे तिच्यात धातूची पट्टी बसवावी लागली आणि ती तब्बल साठ वर्षांनी, 2022 मध्ये काढली. चिलखत आत, कातडीखाली! कसोटीत हेल्मेट घालून पहिल्यांदा फलंदाज उतरला तो 1978 साली, ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप. मैदान? तेच, ब्रिजटाऊन. पण हेल्मेट आलं तरी मान उघडीच होती, कारण मान वळायला हवी. 2014 मध्ये फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर, आणि तो गेला. त्यानंतर हेल्मेटच्या मागे लवचीक संरक्षक पट्ट्या लागल्या. पट्टीच का, सबंध कवच का नाही, हे आता सांगायला नको.

आता वजनाकडे वळू. सरदाराला घोड्यावर चढवायला यारी लागायची, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. खोटी आहे. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं असायचं आणि ते अंगभर वाटलेलं असायचं. फ्रान्सचा सेनानी बूसिको चिलखतात कोलांट्या मारायचा, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. म्हणजे चिलखत हलकं होतं? तेही नाही. 2011 साली लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चिलखत वापरण्याची सवय असलेल्या माणसांना त्याच्या हुबेहूब प्रतिकृती घालून चक्क ट्रेडमिलवर चालवलं. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त निघाली. तेवढंच ओझं पाठीवर घेतलं असतं तर इतकी लागली नसती. मग ही जास्तीची ऊर्जा जात कुठे होती?

पायांत. चिलखतातलं सात-आठ किलो वजन नुसतं पायांवर असतं. पाठीवरचं ओझं एका लयीत पुढे सरकतं. पाय मात्र प्रत्येक पावलाला उचलायचा, झोकायचा, थांबवायचा, टेकवायचा. पावलावरचा एक किलो तुम्ही दिवसातून हजारो वेळा उचलत असता! हरिश्चंद्रगडावरून भिजलेल्या बुटांनी उतरलेल्या कुणालाही हे विचारा. सॅक नाही, बूट रडवतात. धावपटूंच्या बाबतीत तर हिशोब मांडलेला आहे. प्रत्येक बुटाला 100 ग्रॅम जास्त, की धावण्याची ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढली. चंद्रावरून निघताना अपोलो 11 च्या दोघांनी बुटांवर चढवलेले जाड बाह्यबूट तिथेच टाकून दिले. परतीच्या यानात दगडांना जागा हवी होती, बुटांना नाही.

बुटातही कोडं तेच. पाऊल कुठे वाकतं? घोट्यात आणि चवड्यात. पावसाळ्यातला गमबूट आठवा. तो फाटतो कुठे? घोट्याच्या पुढे जिथे घडी पडते तिथे, दरवर्षी तिथेच. माझा यंदाही तिथेच गेला आणि पाणी आत यायला लागल्यावर पाऊल टाकलं की पचक, उचललं की पचक. जाता जाता: या बुटाचा मूळपुरुष म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनने लंडनच्या होबी नावाच्या चर्मकाराकडून करून घेतलेला चामडी बूट. रबर त्यात नंतर आलं. आणि हा वेलिंग्टन म्हणजे तोच वेलस्ली, जो 1803 साली आपल्या जालन्यातल्या असईच्या लढाईत मराठ्यांशी लढला होता. म्हणजे गमबुटाच्या घराण्यातही थोडं मराठवाड्याचं पाणी आहे म्हणायचं.

धावण्याच्या बुटांत मात्र एक उलटीच गोष्ट घडली. वाकणाऱ्या जागी लवचीक राहा, हा सगळ्यांचा नियम. तर नव्या मॅरेथॉनच्या बुटांनी काय करावं? चवड्याच्या बरोब्बर खालून कार्बन फायबरची ताठ पट्टी घातली, वरखाली जाड, हलका, चेंडूसारखा उसळणारा फेस! अंगठ्याचा सांधा वाकताना वाया जाणारी थोडी शक्ती वाचते, आणि दाबलेला फेस तर घेतलेली बरीचशी शक्ती परत देतो. 2019 मध्ये व्हिएन्नात अशाच बुटांत इलियुद किपचोगेने 42.195 किलोमीटर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत पार केले. अधिकृत विक्रम म्हणून ती धाव धरली गेली नाही, पण 2020 च्या सुरुवातीला नियम आला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळ 40 मिलिमीटरहून जाड नको आणि ताठ पट्टी एकच. पाचशे वर्षांनी पुन्हा चिलखताचे नियम! तेही खेळासाठीच. स्वतः हेन्रीने 1526 साली फुटबॉलसाठी चामड्याचे बूट करून घेतले होते, चार शिलिंगांना, अशी त्याच्या कोठीच्या हिशोबात नोंद आहे. पोलादाचे सरकते पंजे ज्याच्या चिलखताला होते, त्याला चेंडू मारायला मात्र साधं चामडंच लागलं.

आता त्या अर्धवट राहिलेल्या चिलखताकडे परत. साल 1962 च्या आसपास. अमेरिकेत नासासाठी काम करणाऱ्या गॅरेट कंपनीच्या अभियंत्यांनी रॉयल आर्मरीजकडे त्याची चौकशी केली. चंद्रावर जायचं, आणि अभ्यास सोळाव्या शतकाचा?

एक लांबट फुगा घ्या, टम्म फुगवा, मधोमध वाकवा. वाकतो, पण सोडला की ताडकन सरळ. का? वाकलेल्या जागी तो चेपतो, आतली जागा कमी होते, हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा ढकलते. अवकाशवीराचा पोशाख हा असाच माणसाच्या आकाराचा फुगा आहे. बाहेर निर्वात पोकळी, आत हवा. कोपर वाकवायचं म्हणजे दर वेळी हवा दाबायची. अलेक्सेई लिओनोव 18 मार्च 1965 रोजी यानाबाहेर अवकाशात तरंगणारा पहिला माणूस ठरला, तेव्हा त्याचा पोशाख इतका फुगला की बोटं हातमोज्यांतून आणि पावलं बुटांतून मागे सुटली. शेवटी पोशाखातली थोडी हवा सोडून देऊन, जीव मुठीत धरून, तो आत शिरला.

म्हणजे हवा होता असा सांधा, जो वाकला तरी आतली जागा कमी होत नाही. आणि कोळंबी नेमकं तेच करते! एका बाजूचे पट्टे जितके आत शिरतात, तितके दुसऱ्या बाजूचे उघडतात. ग्रीनिचच्या लोहारांनी तलवार अडवायला जे घडवलं, ते हवा अडवायलाही तितकंच कामाचं निघालं. आत हवा होती म्हणून नव्हे, फट नको होती म्हणून.

चंद्रावर मात्र कडक पोशाख गेलाच नाही. स्पर्धा जिंकली इंटरनॅशनल लॅटेक्स कॉर्पोरेशनने, म्हणजे 'प्लेटेक्स' नावाने ब्रेसियर आणि कमरपट्टे विकणाऱ्या कंपनीने. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी थरावर थर शिवले, टाके केसभरही न हलवता. टाचण्या वापरायलासुद्धा बंधनं, कारण विसरलेली एक टाचणी म्हणजे थेट भोक. आणि सांध्याला? रबराच्या घड्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या, आणि भाता लांबू नये म्हणून बाजूने केबल. एका अंगाला घड्या मिटतात, दुसऱ्या अंगाला उघडतात. कोळंबीच, फक्त मऊ.

आता भाच्याच्या सरदाराचं कानशील. गेममधलं शरीर म्हणजे आत काल्पनिक हाडं आणि वर ताणलेली कातडी. कातडीवर हजारो बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला सांगून ठेवलेलं की कुठल्या हाडाचं किती ऐकायचं. दंडावरचा बिंदू दंडाच्या हाडाचं शंभर टक्के ऐकतो. कोपरावरचा बिचारा दोन धन्यांचा चाकर: अर्धं दंडाचं, अर्धं मनगटाकडच्या हाडाचं. हात वाकला की तो दोघांच्या मधली जागा पकडतो. आणि सरासरी काढत गेलं की काय होतं? कोपर चेपतं! बागेतला पाण्याचा पाइप मोडल्यावर जसा चपटा होतो, अगदी तसं. आतली जागा कमी होते. लिओनोवला ज्याने छळलं, तेच भूत इथे पडद्यावर!

चिलखताला हा नियम लावला तर लोखंड रबरासारखं चेपलेलं दिसेल. म्हणून पत्र्याचे सगळे बिंदू एकाच हाडाला बांधतात. पत्रा ताठ राहतो, पण दोन पत्रे समोरासमोर आले की एकमेकांतून पार जातात. कारण कॉम्प्युटरला लोखंड म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. ते मुद्दाम शिकवावं लागतं, आणि प्रत्येक क्षणी प्रत्येक पत्र्याची टक्कर तपासत बसलं तर यंत्राचा जीव जातो. मग चित्रकार काय करतात? खांद्यासाठी जादा हाडं घालतात, पत्र्याचे पट्टे पाडतात, ते एकमेकांवर सरकवतात. ग्रीनिचच्या कारखान्यात जे झालं तेच, फक्त हातोडीशिवाय.

गेममधल्या पात्रांच्या पायांत एवढे दणकट बूट का असतात, हेही मग उमगतं. उघडं पाऊल म्हणजे पाच बोटं, आणि बोटं म्हणजे सांधेच सांधे. बूट चढवला की सगळी कटकट आत. शिवाय पोटरीचा तुकडा आणि पावलाचा तुकडा जिथे जुळतो ती रेघ बुटाच्या वरच्या काठाखाली लपते. मारिओला टोपी आहे ती 1981 मध्ये केस हलवून दाखवणं जड जात होतं म्हणून, आणि मिशी आहे ती तोंड काढायचा त्रास नको म्हणून. गेममधली फॅशन पुष्कळदा अशी अडचणीतून जन्मते.

वजन मात्र गेम आपल्या मर्जीने देतो. 'एल्डन रिंग'मध्ये झेपेल त्याच्या सत्तर टक्क्यांवर ओझं गेलं की सरदार धडपडत, ढोलासारखा लोळतो. पण पाचशे तलवारी झोळीत असतील, तर त्यांचं काही वजन नाही! आणि 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन'ने घोड्यासाठी चिलखत विकलं, अडीच डॉलरला, उपयोग जवळजवळ दिसण्यापुरताच. लोकांनी टिंगल केली, आणि विकतही घेतलं. हसू नका. 1520 च्या दशकातल्या जर्मन सरदारांनी पोलादाच्या बाह्यांना कापडी फुग्यांचा आणि चिऱ्यांचा आकार ठोकून घेतला होता. तेव्हा तशा बाह्यांची फॅशन होती म्हणून!

फेब्रुवारी 2023 मध्ये तर पडदा आणि रस्ता यांची अदलाबदलच झाली. न्यूयॉर्कच्या 'मिसचीफ' या कलाकारांच्या चमूने साडेतीनशे डॉलरला प्रचंड लाल बूट विकायला काढले. जपानी कार्टूनमधल्या अॅस्ट्रो बॉयच्या पायात असतात तसे. गोल, गुळगुळीत, सुरकुती नाही, लेस नाही, कुठे घडी नाही. जणू गेममधून उचलून आणलेले. खपले, गाजले. आणि मग लोकांचे व्हिडिओ येऊ लागले. घातलेले बूट निघेनात. घोट्याला वळायला जागा नाही, आत हवा शिरायला वाट नाही. एक जण सोफ्यावर आडवा, दुसरा त्याचा पाय धरून ओढतोय, तिसरा ओढणाऱ्याला ओढतोय.

मी तो व्हिडिओ भाच्याला दाखवला. तो खूप हसला. मग मी त्याच्या सरदाराकडे बोट दाखवून विचारलं, "आणि याला काढता येतात का रे, ते लोखंडी बूट?"

"त्यात काय! मेनूत जाऊन एक बटण दाबायचं." त्याने दाबलं. बूट गेले. खाली सरदाराची पावलं दिसली. दहाही बोटं एकमेकांना चिकटलेली, घडीव पुठ्ठ्यासारखी, एकही न वाकणारी.